आयोगाची माणसे कोण नेमतो?

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणार असे सांगताच मामा म्हणाले, "अरे, तिथं बसलेली माणसंच सरकारनं नेमलेली. तुझा अभ्यास कोण बघतोय?" राज्यशास्त्राचा विद्यार्थी असूनही मला उत्तर देता येईना. परत आल्यावर लायब्ररीत संविधान काढून बसलो. तिथे जे सापडले ते इथे मांडतो.

मामांचे निम्मे म्हणणे खरे आहे. अनुच्छेद ३१६ प्रमाणे राज्य आयोगाचे अध्यक्ष व सदस्य यांची नेमणूक राज्यपाल करतात. पण राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे नावे सुचवते ते सरकारच. सदस्य किती असावेत हेही राज्यपालांच्या विनियमांनी ठरते. पात्रतेची अट एकच, ती म्हणजे शक्यतो निम्मे सदस्य किमान दहा वर्षे सरकारी सेवेत काढलेले असावेत. उरलेल्या निम्म्यांसाठी ना पदवीची अट, ना मुलाखत.

आता दुसरी बाजू. सदस्याची मुदत सहा वर्षे किंवा वयाच्या ६२ व्या वर्षापर्यंत, जे आधी येईल ते. (१९७६ पूर्वी ही मर्यादा ६० होती.) त्याच पदावर पुन्हा नेमणूक नाही, त्यामुळे मुदतवाढीसाठी कोणाची मर्जी राखण्याचे कारण नाही. आयोगाचा खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असतो, त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. आणि ज्यांनी नेमले त्या राज्यपालांना सदस्यास काढता मात्र येत नाही! गैरवर्तणुकीचा आरोप असेल तर राष्ट्रपती प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवतात. न्यायालयाने चौकशी करून तसा अहवाल दिला, तरच राष्ट्रपती त्याला दूर करतात. तोवर राज्यपाल फार तर निलंबित करू शकतात.

थोडक्यात, बाहेर काढण्याचे दार अरुंद, पण आत घेण्याचे दार बरेच सैल. पंजाबच्या आयोगाच्या अध्यक्षांची नेमणूक उच्च न्यायालयाने रद्द केली होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली आणि सचोटी व कार्यक्षमता पारखल्याविना अशी नेमणूक करता येणार नाही असे सांगितले. पण निवडीची पद्धत ठरवून देणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असेही म्हटले. ते काम सरकारचे, आणि सरकारला जाब विचारण्याचे काम आपले.

याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र आणि मी एकाच परीक्षेची तयारी करीत आहोत. आमचे पेपर तपासून घेणारी, मुलाखत घेणारी माणसे कशी निवडली जातात, हा प्रश्न दोघांचाही आहे. नवीन सदस्यांची नावे वर्तमानपत्रात आली की आपण ती वाचून पान उलटतो. ही माणसे कोण, त्यांनी आजवर काय केले, हे त्याच दिवशी विचारायला हवे. एकदा नेमणूक झाली की पुढची सहा वर्षे विचारून फारसा उपयोग नाही.

मामांना आता एवढेच सांगेन, "नेमतं सरकारच, मामा. पण नेमताना आपण कुठं बघतो?"