चेलो खाली ठेवला, छडी उचलली
आर्तुरो तोस्कानिनी यांची कहाणी

वाद्यवृंदासमोर उभा राहून छडी हलविणारा मनुष्य स्वतः एकही वाद्य वाजवीत नाही, मग त्याचे काम तरी काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडतो. आपल्या भजनी मंडळात मृदंग, टाळ, पेटी आणि गाणारे यांना बुवा एका लयीत बांधून ठेवतात. संचालक हेच काम शंभर वादकांसाठी करतो. मात्र बुवा स्वतः गातात, आणि संचालकाला मुक्यानेच सर्व काही सांगावे लागते.

या कलेत आर्तुरो तोस्कानिनी यांचे नाव फार मोठे आहे. इटलीतील पार्मा गावी २५ मार्च १८६७ रोजी एका शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी ते गावच्या संगीत विद्यालयात दाखल झाले आणि चेलो शिकू लागले. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातील, पण बसून गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजविण्याचे मोठे, खर्जाचे वाद्य. १८८५ साली शिक्षण संपले आणि पुढच्याच वर्षी ते एका संगीत नाटक कंपनीबरोबर वादक म्हणून दक्षिण अमेरिकेला गेले.

३० जून १८८६. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो शहर. त्या रात्री व्हेर्दी यांचे ‘आईदा’ व्हायचे होते. कंपनीशी बिनसल्यामुळे संचालक सोडून गेला होता. बदली आलेल्या गृहस्थाची प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. खेळ मोडला तर परमुलुखात कंपनीचे पोट कसे भरणार? तेव्हा सहकाऱ्यांनी चेलोवादकांतील एका एकोणीस वर्षांच्या पोराला पुढे ढकलले. कारण सर्वांना माहीत होते, की याला सगळे संगीत पाठ आहे. तोस्कानिनींची नजर अधू होती. लांबची स्वरलिपी दिसत नसल्यामुळे पाठ करणे हाच त्यांचा मार्ग होता. चारही अंक त्यांनी तोंडपाठ चालविले. जे प्रेक्षक ओरडत होते, तेच टाळ्या वाजवू लागले.

वाचकहो, खरे कौतुक पुढेच आहे. इटलीत परतल्यावर त्यांनी ट्यूरिन येथे संचालन केले, तरी १८८७ साली मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहात ‘ओथेल्लो’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा ते पुन्हा चेलोवादकांमध्ये जाऊन बसले. खुद्द व्हेर्दी तालमी घेत होते. ते जवळून शिकण्याची संधी त्यांना दवडायची नव्हती. पुढे १८९८ साली ते त्याच नाट्यगृहाचे प्रमुख संचालक झाले.

त्यांचा स्वभाव तापट होता. तालमीत ते वादकांवर ओरडत, छड्या मोडत. राजकारणातही १९१९ साली ते मुसोलिनीच्या यादीतून निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. परंतु त्या माणसाचे खरे रूप कळल्यावर त्यांनी पाठ फिरविली. १९३१ साली बोलोन्या येथे फॅसिस्ट पक्षाचे गीत वाजविण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा नाट्यगृहाच्या दारातच त्यांना मारहाण झाली. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने ज्यू कलावंतांचा छळ आरंभिला, म्हणून त्यांनी जर्मनीतील बायरॉइटच्या उत्सवाला जाण्याचे नाकारले. हिटलरने स्वतः पत्र लिहूनही ते बधले नाहीत. उलट २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीव येथे त्यांनी एका नव्या वाद्यवृंदाचा पहिला कार्यक्रम बिदागी न घेता केला. त्यात युरोपातून परागंदा झालेले पुष्कळ ज्यू वादक होते.

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्याच १९३६ साली मुंबईत एका पारशी संगीतकाराच्या घरी झुबिन मेहता जन्मले. तोच वाद्यवृंद पुढे ‘इस्रायल फिलहार्मोनिक’ झाला आणि १९७७ पासून २०१९ पर्यंत मेहता त्याचे संगीत संचालक होते.

तोस्कानिनींनी अमेरिकेत एन.बी.सी. रेडिओच्या वाद्यवृंदाचे संचालन १९३७ पासून १९५४ पर्यंत केले. १६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

आपल्या वाट्याचे तेवढे पाठ करून बहुतेक जण थांबतात. या शिंप्याच्या मुलाने इतरांच्याही वाट्याचे पाठ केले होते, म्हणून वेळ आली तेव्हा तो तयार होता. आणि कोणापुढे छडी उचलायची नाही, हेही त्याने तितकेच पक्के ठरविले होते. आपल्या मुलांना वाद्य शिकविताना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात.