गलबत, सुहैली आणि म्हादई: लांबच्या सफरीची बोट कशी ठरते?

आमच्या मंडळात मराठा आरमाराचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या बैठकीत एका तरुण सभासदाने तो विचारलाच. "काका, आपली गलबतं एवढी भारी होती, तर त्यांनी जगप्रदक्षिणा केली असती का?" मी चटकन "नाही" म्हणालो आणि सभेत नाराजी पसरली. वेळ संपल्यामुळे कारण सांगायचं राहून गेलं. ते इथे सांगतो, कारण माझ्या "नाही"मध्ये गलबतांचा अपमान मुळीच नव्हता.

बोट चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. लांबच्या सफरीची बोट निवडताना तीन गोष्टी विचारायच्या: समुद्र कुठला, हात किती, आणि वाटेत मोडलं तर काय?

समुद्र कुठला?

गलबताचं काम किनाऱ्यालगतचं. खाडीतून झटकन बाहेर पडायचं, शत्रूला गाठायचं आणि गरज पडली तर पुन्हा उथळ पाण्यात शिरायचं. म्हणून तळ उथळ, अंग हलकं आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की शिडांचं मोठं जहाज जागीच अडकायचं. मग गलबतं आपल्या गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला आणायची, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या. दर्या खुला व्हायचा तो नारळी पौर्णिमेला.

जगप्रदक्षिणेची वाट वेगळी. शिडाची बोट आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्या दक्षिणेकडून जाते. तिथे पश्चिमेचा वारा अडवायला जमीन जवळपास नाहीच, त्यामुळे लाटा वाढतच जातात. अशा ठिकाणी आडवी झालेली बोट आपोआप उभी राहिली पाहिजे. त्यासाठी तळाच्या कण्याला, म्हणजे कीलला, शिशाचं किंवा लोखंडाचं वजन लागतं, तेही खोलवर. असली खोल कील लावली असती तर तेच गलबत आपल्या उथळ खाड्यांत गाळात रुतलं असतं. एका कामाचा गुण दुसऱ्या कामात दोष ठरतो, तो असा.

हात किती?

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या बोटींचं शीड लांब, तिरक्या काठीला बांधलेलं असे. दिशा बदलताना ती अख्खी काठी डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्यायची. बोटीवर माणसं भरपूर असली तर ठीक. एकट्याला रात्रीच्या वादळात ते जमायचं नाही.

आता मुंबईतच बांधलेली दुसरी बोट बघा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण ब्रिटिश दर्यावर्द्याची 'सुहैली' साठच्या दशकात मुंबईत भारतीय कारागिरांनी सागवानात बांधली. लांबी अवघी ३२ फूट. आराखडा नॉर्वेच्या जुन्या बचावनौकांच्या वळणाचा: दोन्ही टोकं निमुळती आणि कील लांब. डोलकाठ्या दोन, म्हणजे शिडांचा पसारा लहान तुकड्यांत वाटलेला आणि एकट्याच्या आवाक्यातला. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतले. एकट्याने, कुठेही न थांबता केलेली ही पहिली जगप्रदक्षिणा.

मोडलं तर?

वाटेत सुहैली गळू लागली. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरले, बोटीखाली गेले आणि फटीवर तांब्याची पट्टी ठोकून आले. पुढे सुकाणू आपोआप सांभाळणारी यंत्रणाही मोडली. पण बोट इतकी समतोल होती की शिडं नीट जुळवली की ती आपली वाट धरून चालायची. किनारा हजारो मैल दूर असताना बोट हातोडी-खिळ्यांनी दुरुस्त होते की नाही, यावर जीव अवलंबून असतो.

म्हणजे लहान बोटच बरी? तसंही नाही. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते. त्याच मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने नौदलासाठी ५६ फुटांची 'म्हादई' बांधली. आराखडा डच, लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि वर फायबरग्लास. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी चार ठिकाणी थांबत तिच्यातून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि न थांबता १५१ दिवसांत परतले.

पाण्याला टेकणारी लांबी जास्त, तर वेग जास्त. ती चौपट झाली तर वेग साधारण दुप्पट होतो. वेग वाढला की दिवस कमी, म्हणून शिधाही कमी लागतो, आणि पोटात सामान मावतं अधिक. पण शिडं मोठी आणि दोर जड होतात, ते ओढायला चांगल्या विंच लागतात. जवळपास तशाच 'तारिणी'वर २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. तिथे हात बारा होते.

टॉमींचीच पुढची गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. २०१८ च्या शर्यतीत नियमाप्रमाणे जुन्या धाटणीची बोट हवी होती. त्यासाठी सुहैलीची प्रतिकृती 'थुरिया' गोव्यातच बांधली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पण बोट पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. तिच्या पोटात पडून राहिलेल्या टॉमींना तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने उचललं. योग्य बोट वादळ टाळत नाही. मदत येईपर्यंत माणसाला तगवते. पुढच्याच शर्यतीत, २०२३ मध्ये, टॉमी ३६ फुटांच्या, लांब कीलच्याच बोटीतून दुसरे आले.

तेव्हा त्या तरुण मित्राला माझं उत्तर अजूनही "नाही"च आहे. मात्र म्हादई कोकणच्या खाडीत लढायला आणली असती, तरीही उत्तर "नाही"च आलं असतं. आपल्या कारागिरांनी समोरचा समुद्र आणि हाताखालची माणसं बघून बोटी बांधल्या. दिवाडीलाही तेच झालं, फक्त समोरचा समुद्र बदलला होता.