खुणेच्या वरचं पाणी

सांगलीच्या गावभागात किंवा शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या नदीकाठच्या घरात सोप्यावर बसलात, की पुराचा विषय निघाल्यावर यजमान उठून भिंतीशी जातो. हात टेकवून म्हणतो, "२००५ला इथवर." मग हात वर सरकतो. "आणि २०१९ला इथं." दुसऱ्या खुणेसाठी काही घरांत टाचा उंचवाव्या लागतात.

कृष्णेच्या या खोऱ्यात पूर फुटांत बोलला जातो. सांगलीत १९२९ सालचा आयर्विन पूल ही सगळ्या गावाची मोजपट्टी. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला हेच आकडे ३९ आणि ४३. राधानगरी धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात आणि एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. "किती दरवाजे उघडले?" हा इथला पावसाळ्यातला रोजचा प्रश्न. पाणी किती फुटांवर गेलं की सांगलीतलं सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर हलवायचं, कोल्हापुरात सुतारवाड्यातली बिऱ्हाडं कधी उठायची, हे लोकांना तोंडपाठ असतं.

पुराशी जुळवून घेण्याची रीत इथे जुनीच आहे. नृसिंहवाडीत कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाज्यानं बाहेर पडतं. तो 'दक्षिणद्वार' सोहळा. त्या पाण्यात स्नानाला भाविकांची रीघ लागते. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवतात. त्यात गडबड नसते, कारण देवसुद्धा केव्हा हलवायचा ते ठरलेलं आहे.

मग २०१९च्या ऑगस्टमध्ये घात कुठे झाला? त्या भिंतीवरच्या खुणेपाशी. २००५ला आयर्विनपाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. अनेकांनी सामान त्या खुणेच्या वर, माळ्यावर टाकलं आणि घरातच थांबले. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक लोकांना हलवावं लागलं, पण पुष्कळांना वेळ टळून गेल्यावर. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांना नेणारी नाव उलटली आणि सतरा जण बुडाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५६ फुटांच्या पुढे गेलं. २०१९ची खूणही तिथे मागे पडली.

पाऊस बदलला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. तापत्या अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोंढे येतात आणि महिन्याचा पाऊस चार दिवसांत कोसळतो. २२ जुलै २०२१ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. धरणांची कोंडी इथेच होते. १०५ टीएमसीचं कोयना धरण वीज आणि शेतीसाठी भरलेलं हवं, पुरासाठी मोकळं हवं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून वाद अजून धगधगतो. २०१९च्या पुराची कारणं तपासणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीनं मात्र २०२०च्या अहवालात अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा नकाशावर आहेत. प्लॉट पाडणाऱ्याच्या नकाशात त्या पुसट होतात.

पूर आला की सगळ्यात आधी काय बुडतं, हेही पाहायला हवं. कोल्हापुरात दोन्ही महापुरांत पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली. दारात गळाभर पाणी आणि नळ कोरडा, अशी गत झाली. मोटारी आणि वीज उपकेंद्रं जुन्या खुणेच्या हिशेबानं बसवली, तर पुढच्या पुरातही टँकरपुढे रांगा लागणार.

शिकण्यासारखी जागा आहे प्रयाग चिखली. पंचगंगा जिथे आकार घेते, तिथलंच हे गाव. १९८९च्या पुरानंतर इथल्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या. गाव कायमचं हललं नाही. काळी जमीन नदीकाठाला, ऊस नदीकाठाला, मन तिथेच. २०१९ला हे गाव वेढलं गेलं. आता पाणी चढू लागलं की चिखलीकर आधीच सोनतळीची वाट धरतात. गाव दोन ठिकाणी जगतं, एक उन्हाळ्याचं आणि एक पुराचं. सरकारी भाषेत हे अर्धवट पुनर्वसन ठरेल. प्रत्यक्षात जीव वाचवणारी तडजोड हीच आहे.

पण इतर गावांत लोक वेळेत का निघत नाहीत, याचं उत्तर गोठ्यात असतं. "म्हशी सोडून कुठं जाऊ?" या प्रश्नापुढे भोंग्यावरची दवंडी फिकी पडते. दुभती म्हैस हीच घराची रोजची मिळकत. तिला दावणीला बांधून माणूस शाळेच्या वर्गात झोपू शकत नाही. जिथे छावणीत चारा, पाणी आणि बांधायला जागा असते, तिथे घरं लवकर रिकामी होतात.

म्हणून नदीकाठच्या प्रत्येक गावाच्या आराखड्यात माणसांबरोबर जनावरंही मोजावीत. भिंतीवरच्या खुणेच्या वर किती हात सोडायचे, ते ग्रामसभेनं कोरड्या दिवसांत ठरवावं. आणि उंचावरच्या जागी तेवढे खुंटे पहिल्या पावसाआधीच ठोकून ठेवावेत. म्हैस निघाली, की मागोमाग घर निघतं.