राहून गेलेल्या गोष्टी

घरोघरी एक न लिहिलेली यादी असते. पेन्शन झाली की काशीस जाऊ, धाकटीचे लग्न उरकले की पेटी शिकू, सवड मिळाली की आजीच्या ओव्या उतरवून घेऊ. हल्ली या यादीला ‘बकेट लिस्ट’ असे नाव पडले आहे. २००७ सालच्या एका अमेरिकन चित्रपटामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला, आणि २०१८ साली मराठीतही त्याच नावाचा चित्रपट निघाला. त्यातील गृहिणीला ज्या मुलीचे हृदय बसविले जाते, त्या मुलीची अपुरी यादी ती पुरी करू लागते. मला त्यात जाणवले ते एवढेच की, बाईंची स्वतःची यादी कोणी कधी विचारलीच नव्हती.

आपल्या इच्छा अडतात त्या पैशावाचून, असा आपला समज असतो. तो काही अंशी खराही आहे. म्हणून आपण पैसा साठवितो आणि निश्चिंत होतो. परंतु गुडघ्यांची साठवण करता येत नाही. पंढरीची पायी वारी पेन्शनीनंतर करू म्हणणारे माझे एक स्नेही आता पालखी पाहावयास मोटारीने जातात. पैसा आहे, हौस आहे, दोन कोसांची चाल मात्र उरलेली नाही.

याहूनही लवकर संपणारी गोष्ट म्हणजे माणसे. माझ्या वडिलांना मोडी अस्खलित वाचता येई. घरी पणजोबांच्या कागदांचे एक रुमालात बांधलेले दप्तर होते. एकदा बसून सगळे लावून घेऊ, असे मी त्यांना वीस वर्षे म्हणत होतो. ते दर वेळी “बसू की” म्हणत. काम ना पैशाचे होते, ना कष्टाचे; चार रविवार पुरले असते. ते गेल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी मोडीच्या वर्गात जाऊन बसलो. लिपी आली. कागद आता वाचता येतात.

अशा वेळी लोक धीर देतात, “अहो, कर्वे सत्तरीत जगप्रवासाला निघाले, तुम्हांला काय घाई?” गोष्ट खरी आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १९२९ साली परदेशी गेले, युरोप, अमेरिका, जपान हिंडून आले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनला भेटले. पण त्यांच्या चरित्रात वयापेक्षा मला दुसरेच काही दिसते. १८७५ साली परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा मुरुडहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेला, आणि वय सतराचे दिसत नाही म्हणून त्याला परत धाडण्यात आले. तरी परीक्षेचा नाद त्याने सोडला नाही. पुढे १९१५ साली जपानातील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली. त्याच डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष या नात्याने त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली विद्यापीठ सुरू झालेही. मनात आल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंतचे अंतर त्यांनी वाढू दिले नाही. त्यांना एकशेचार वर्षांचे आयुष्य लाभले, ते पुढे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनाही ते ठाऊक नव्हते.

तेव्हा यादी करावयाची तर इच्छेपुढे खर्च लिहावा, पण त्याशेजारी हेही लिहावे की यासाठी कोणाची गरज आहे, आणि त्या माणसाचे वय आज काय. मी अशी यादी केली तेव्हा युरोपची सहल आपोआप खाली घसरली. तिकडचे डोंगर थांबतील.

आमच्या दप्तरात एक पत्र आहे. पणजोबा लिहितात की, चिमणीस औषध पोहोचले, तिच्या मुलास इकडे आणवावे. ही चिमणी कोण, तो मुलगा आला की नाही, हे अक्षर ओळखून कळत नाही. माझी आत्या वाईला असते. नव्वदी उलटली आहे, कानाने कमी, पण जुने सगळे आठवते. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी ते पत्र घेऊन तिच्याकडे जात आहे.