पेटीच्या सुरांत अब्राहामाची कथा

पियानोपाशी बसून लोकगीतांच्या वळणाने कथा गाणाऱ्या पाश्चात्त्य कवि-गायकाशी ज्याचे नाते सहज जुळावे, असा एक कलाप्रकार पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात रुजलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने निर्माण केला. तो म्हणजे त्यांचे मराठी कीर्तन. तेल गाळण्याच्या परंपरागत व्यवसायामुळे आणि शनिवारी काम बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आणि पेणकर, रोहेकर, अष्टमकर या आडनावांत आपल्या गावांची स्मृती जपणाऱ्या या समाजातील काही उत्साही गृहस्थांनी, १८८०च्या सुमारास मुंबईत, हरिकीर्तनाचा आदर्श समोर ठेवून अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी अशा देशी चालींत बांधली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या रचनाकारांपैकी एक. कथा हिब्रू धर्मग्रंथातील, वाणी मराठी आणि साथीची पेटी पियानोप्रमाणेच युरोपात जन्मलेली, असा हा त्रिवेणी संगम होता. गद्य निरूपणाने प्रसंग उभा करावा आणि भावनेचा उत्कर्ष होताच पद गावे, या रीतीमुळे हिब्रू न जाणणाऱ्या श्रोत्यांनाही धर्मकथा सुगम झाल्या. १९४८नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली आणि परंपरा क्षीण झाली. ज्यांच्या दप्तरी या कीर्तनांच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या ग्रंथालयांच्या स्वाधीन कराव्यात; तो समग्र मराठी भाषेचा ऐवज आहे.