टेरिओनल क्रॅनिओटॉमी

टेरिओनल क्रॅनिओटॉमी ही कवटीच्या तळाशी असलेल्या विकृतींपर्यंत कपाळ आणि कानशील यांच्या मधल्या भागातून पोहोचण्याची चेताशल्यचिकित्सेतील एक प्रमुख पद्धत आहे. मेंदूच्या पुढील भागातील रोहिणी-विस्फार (रक्तवाहिनीला आलेला फुगा), पोष ग्रंथीच्या परिसरातील गाठी आणि जतुकास्थीच्या पंखावरील मेनिंजिओमा यांसाठी ती वापरली जाते. मेंदू दाबून बाजूला सारण्याऐवजी आड येणारे हाड काढून वाट मोकळी करणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे.

शरीररचना

ललाटास्थी (कपाळाचे हाड), पार्श्विकास्थी, शंखास्थी (कानशिलाचे हाड) आणि जतुकास्थीचा मोठा पंख ही चार हाडे जेथे एकत्र येतात, त्या भागास टेरिओन म्हणतात. येथे कवटी पातळ असते व तिच्या आतील बाजूस मध्य तानिका रोहिणीची पुढील शाखा असते. त्यामुळे येथील अस्थिभंगात ही शाखा फाटून कवटी व दृढतानिका (मेंदूचे बाहेरील जाड आवरण) यांच्यामध्ये रक्त साचू शकते.

टेरिओनच्या आत जतुकास्थीची कड कवटीच्या अग्र व मध्य खाचा वेगळ्या करते. तिच्याच रेषेत मेंदूचा ललाट खंड व शंख खंड यांमधील सिल्व्हियन विदर असते. या विदराच्या तळाशी अंतर्ग्रीवा रोहिणी, तिच्या शाखा आणि दृक्-तंत्रिका आढळतात.

इतिहास

अमेरिकन शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी 1937 मध्ये अंतर्ग्रीवा रोहिणीवरील विस्फाराच्या मानेवर धातूची क्लिप बसवली. पुढे झुरिक येथे कार्यरत असलेले तुर्की वंशाचे शल्यचिकित्सक गाझी याशारगिल यांनी शस्त्रक्रिया-सूक्ष्मदर्शकाचा वापर करून 1970 च्या दशकात टेरिओनल पद्धतीला आजचे प्रमाणित रूप दिले.

कार्यपद्धती

रुग्णाचे डोके विरुद्ध बाजूस वळवून किंचित मागे झुकवतात. त्यामुळे गालाचे हाड सर्वांत उंच राहते आणि ललाट खंड स्वतःच्या वजनाने कवटीच्या तळापासून दूर होतो. कानाच्या पुढून सुरू होणारा छेद केसांच्या रेषेमागून वक्राकार नेला जातो. हाडाचा तुकडा काढल्यावर जतुकास्थीची कड ड्रिलने घासून सपाट करतात. ती तशीच राहिल्यास खोलवर पाहण्यासाठी मेंदू अधिक ओढावा लागतो. त्यानंतर दृढतानिका उघडून सिल्व्हियन विदर विलग करतात. मस्तिष्क-मेरुद्रव वाहून गेल्याने मेंदू सैल पडतो व पुढील काम सुकर होते.

आनन तंत्रिकेचे संरक्षण

भुवई उचलणारी आनन तंत्रिकेची ललाट शाखा शंख स्नायूच्या आवरणावरून जाते. तिला इजा झाल्यास त्या बाजूची भुवई उचलता येत नाही. ती टाळण्यासाठी तीन रीती प्रचलित आहेत.

* एकस्तरीय रीत: त्वचा व स्नायू एकत्रच उचलतात. तंत्रिका सुरक्षित राहते, परंतु स्नायूचा जाड थर कवटीच्या तळाकडील दृष्टी अडवतो.
* आंतर-आवरण रीत: स्नायूच्या आवरणाचे दोन पदर वेगळे करून वरचा पदर मेदासह त्वचेबरोबर पुढे नेतात. याशारगिल व सहकाऱ्यांनी तिचे वर्णन 1987 मध्ये केले.
* अधो-आवरण रीत: दोन्ही पदर स्नायूपासून सोडवून पुढे उचलतात.

पर्यायी प्रकार

विकृती खोल किंवा उंच असल्यास नेत्रकोटराची कड व गालाची कमान काढून ऑर्बिटोझायगोमॅटिक पद्धत वापरतात. त्यामुळे खालून वर पाहण्याचा कोन मिळतो, मात्र शस्त्रक्रिया लांबते. याउलट लहान छेदाच्या मिनिप्टेरिओनल पद्धतीत स्नायूची हानी कमी होते, परंतु उपकरणे फिरवण्यास जागा मर्यादित असते. निवड विकृतीचे स्थान, आकार व दिशा यांवर अवलंबून असते.

गुंतागुंत

शंख स्नायू झिजल्यास कानशिलावर खळगा दिसतो व चावताना वेदना होऊ शकतात. ललाट विवर उघडले गेल्यास मस्तिष्क-मेरुद्रवाची गळती व जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. मेंदूवर जास्त ताण पडल्यास सूज किंवा रक्तस्राव संभवतो.