लेझीम कागदावर कशी उतरवायची?

मागच्या भागात म्हटलं होतं ना, नाचाचं चित्र काढून बघतो म्हणून? काढलं. पहिली बारा फाडून टाकली.

बीडजवळच्या आमच्या गावात शिवजयंतीला लेझीम म्हटलं की माझे चुलत आजोबा पुढे. आता गुडघ्यांमुळे उभं राहवत नाही. त्यांच्या खेळाचा एकही व्हिडिओ नाही. ओट्यावर बसून नुसत्या हातांनी पावलं दाखवतात, तेवढंच उरलंय. म्हणून ही खटपट.

माझी चूक काय, तर मी माणूस काढत होतो. फेटा, हात, पाय सगळं आलं, पण लेझीम काही आली नाही.

मग के. के. हेब्बर सापडले. उडुपीकडचे, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवणारे चित्रकार. नाचाची लय कळावी म्हणून हा माणूस चक्क पंडित सुंदरप्रसादांकडे कथक शिकला! त्यांची शाईची रेखाचित्रं शोधून बघाच. मोजक्या रेघा, पण गिरकी दिसते.

जपानचे काझुओ शिरागा तर छताला टांगलेला दोर धरून पायांनीच रंग पसरवायचे. मीही पायाला पोस्टर कलर लावून बघितला. पावलं उमटली खरी, पण लेझीम असते हातात, निम्मा खेळ कागदावर येतच नाही. (ओसरीची फरशी पुसावी लागली ते वेगळंच.)

शेवटी हेब्बरांचा रस्ता धरला. आजोबांकडून आधी चार पावलं शिकलो, मग ब्रश शाईत बुडवला. अंग वाकतं तिथे ब्रश दाबायचा, रेघ जाड होते. हात वर जातो तिथे नुसतं टोक टेकवायचं. झटका आला की ब्रश भर्रकन ओढायचा. रेघ कोरडी पडून फाटते, फाटू द्या, वेग तिथेच दिसतो. ठेक्याला क्षणभर थांबलं की शाई साचून ठिपका पडतो. सरावाला जुनं वर्तमानपत्र चालतं, पण शाई फुटते. खऱ्या चित्राला जाड ड्रॉइंग पेपरच घ्या.

तेरावं चित्र आजोबांना दाखवलं. त्यात ना फेटा, ना पाय, नुसत्या रेघा. त्यांनी कागद लांब धरला, बोटाने ठिपके मोजले आणि म्हणाले, "तिसऱ्याला चुकलास की रं. डावा पाय आधी असतो."